हॉर्मोनच्या गोळ्या-इंजेक्शनं आणि मधेच दिसणारे डाग: गर्भाशयाच्या अस्तराचं नेमकं होतं काय?

केतकीबन

आरोग्याच्या गप्पांमध्ये दोन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. एक, 'गोळ्या चालू केल्या आणि मधेच डाग पडायला लागले, बंद करू का?' दुसरा, 'इंजेक्शन घेतल्यापासून पाळीच नाही, रक्त आत साठत असेल का?' खाली उत्तरं येतात ती एकेका ओळीची. 'होतं असं.' 'डॉक्टरांना विचार.' 'बंदच कर, हॉर्मोन वाईटच.' मी नर्सिंगच्या मुलींना औषधशास्त्र शिकवते. त्यांना फळ्यावर जे काढून दाखवते ते इथे सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. पाळणा लांबवण्याचं साधन बाईने मधेच सोडण्यामागे ही रक्तस्रावाची भीती फार मोठं कारण असते, आणि ती भीती बव्हंशी माहिती न दिल्यामुळे आलेली असते.

आधी साधन न वापरणाऱ्या बाईचं चक्र. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचे दोन थर असतात. तळाचा थर कायम राहतो, वरचा दर महिन्याला वाढतो आणि गळतो. पाळी संपली की इस्ट्रोजेनच्या जोरावर वरचा थर वाढू लागतो, ग्रंथी लांबतात, नागमोडी धमन्या वर सरकतात. बीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन येतं. ते वाढ थांबवतं आणि वाढलेलं अस्तर गर्भ रुजण्याजोगं भरीव करतं. गर्भ राहिला नाही तर दोन्ही हॉर्मोन्स एकदम उतरतात, धमन्या आखडतात, वरचा थर सुटून बाहेर पडतो. ही पाळी. थर सगळीकडून जवळजवळ एकाच वेळी सुटतो, धमन्या आवळल्या जातात, रक्त गोठतं आणि तळाच्या थरातून नवं अस्तर झपाट्याने उगवून उघडा भाग झाकून टाकतं. म्हणून पाळी चार-पाच दिवसांत आपोआप थांबते. हे थांबणं कसं होतं ते ध्यानात ठेवा, पुढे सगळं त्यावरच आहे.

आता मिश्र गोळी, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं, बनवलेलं हॉर्मोन) दोन्ही असलेली. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी माला-एन घ्या. पाकिटात २८ गोळ्या. २१ हॉर्मोनच्या, प्रत्येकीत ०.१५ मिलिग्रॅम लिव्होनॉरजेस्ट्रेल हे प्रोजेस्टिन आणि ०.०३ मिलिग्रॅम इथिनिल इस्ट्रॅडिऑल हे इस्ट्रोजेन. उरलेल्या ७ गडद रंगाच्या, त्या नुसत्या लोहाच्या. हॉर्मोनच्या गोळ्या चालू असताना बीज सुटत नाही. शिवाय प्रोजेस्टिन पहिल्या दिवसापासून हजर असल्यामुळे अस्तराला वाढायला मोकळीक मिळत नाही, ते पातळच राहतं. लोहाच्या आठवड्यात हॉर्मोन उतरलं की ते पातळ अस्तर गळतं. पाळीसारखं दिसतं, पण बीज सुटून आलेली पाळी ती नव्हे. रक्त कमी जातं, पोटात कमी दुखतं, त्याचं कारण हेच.

मग या गोळीत इस्ट्रोजेन घातलं कशाला? बीज थांबवायला प्रोजेस्टिन बऱ्याच अंशी पुरतं. याचं उत्तर १९५०च्या दशकात आहे, आणि मला तो इतिहास फार महत्त्वाचा वाटतो. ग्रेगरी पिंकस आणि जॉन रॉक हे अमेरिकन संशोधक ज्या गोळीवर काम करत होते तिच्यातल्या नॉरएथिनोड्रेल या प्रोजेस्टिनच्या सुरुवातीच्या साठ्यात थोडं मेस्ट्रॅनॉल, म्हणजे एक इस्ट्रोजेन, अशुद्धी म्हणून आलेलं होतं. ते शुद्ध करून काढलं तर मधल्याच दिवसांत रक्तस्राव वाढला. मग ठरवून परत घातलं. १९५६ मध्ये प्वेर्तो रिकोत चाचण्या झाल्या आणि १९६० मध्ये अमेरिकेत 'इनोव्हिड' गर्भनिरोधक म्हणून मान्य झाली, ती या दोन हॉर्मोन्सच्या जोडीनेच. गोळीतल्या इस्ट्रोजेनचं एक मुख्य काम अस्तराला टेकू देणं हे आहे. तो टेकू कमी पडला की डाग.

आता फक्त प्रोजेस्टिन असलेली साधनं बघू. दर तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन, दंडात बसवायची कांडी, हॉर्मोनची गर्भाशयातली टी, इस्ट्रोजेन नसलेली गोळी. यांत हा टेकू नसतो. अस्तर हळूहळू विरतं, ग्रंथी बारीक होतात. पण पृष्ठभागालगतच्या बारीक रक्तवाहिन्या पातळ भिंतीच्या, फुगलेल्या आणि आधार नसलेल्या होतात. त्या कुठे ना कुठे फुटतात. एका ठिकाणी आज, दुसऱ्या ठिकाणी चार दिवसांनी. नेहमीच्या पाळीत थर एकदम सुटतो आणि एकदम बंद होतो. इथे सुटायला थरच नसतो, नुसती ठिबक असते, आणि ती थांबवणारी ती ठरलेली यंत्रणा चालू होत नाही. म्हणून रक्त थोडं, पण बेभरवशाचं. पुढे काही महिन्यांत अस्तर पुरतं शांत झालं की बऱ्याच जणींची ठिबक थांबते आणि पाळीही दिसेनाशी होते. तिमाही इंजेक्शन वर्षभर घेणाऱ्या साधारण निम्म्या बायकांची पाळी बंद असते. सुरुवातीचा त्रास आणि नंतरची शांतता ही एकाच क्रियेची दोन टोकं आहेत.

ज्यांनी ही साधनं वापरली आहेत, ज्या देतात, ज्यांचे प्रश्न आहेत, त्यांनी लिहा.

मृद्गंध२

इतकं स्पष्ट कुणी कधी सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. माझा प्रश्न. मी मिश्र गोळ्याच घेते, माला-एन नाही, दुकानातली. वर्षभर अगदी नीट चाललं होतं. आता गेली दोन पाकिटं मधल्याच दिवसांत तपकिरी डाग, कधी लालही. एकही गोळी चुकलेली नाही, रात्री जेवणानंतर ठरलेली वेळ. सुरुवातीचे दोन-तीन महिने होतं म्हणतात, पण माझी सुरुवात कधीच संपली. गोळी लागू पडत नाहीये का?

केतकीबन

@मृद्गंध२, पहिल्या तीन महिन्यांतले डाग आणि आधी सगळं सुरळीत असताना नव्याने आलेले डाग यांत फरक करायलाच हवा. पहिले बहुधा अस्तर जुळवून घेत असल्याचे. दुसऱ्यांचं कारण शोधावं लागतं. गोळी चुकणं, उशीर होणं ही नेहमीची कारणं तुमच्या बाबतीत नाहीत. उलटी किंवा जोराचे जुलाब झाले होते का? गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर ती गोळी घेतली नाही असंच धरायचं. पाकीट बदललं का? २० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेनच्या गोळ्यांवर ३० वाल्यांपेक्षा मधले डाग जास्त दिसतात. धूम्रपानानेही वाढतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुसरं कुठलं औषध नव्याने सुरू झालं का? क्षयाच्या उपचारातलं रिफाम्पिसिन, फिट्सच्या काही गोळ्या, या यकृताला कामाला लावतात आणि गर्भनिरोधक हॉर्मोन शरीरातून भराभर बाहेर टाकायला लावतात. रक्तातली पातळी घसरली की त्याचा पहिला पत्ता अस्तराकडून लागतो, डागांच्या रूपाने. जरा आठवून बघा. तोवर निरोध वापरा आणि गर्भचाचणी एकदा करून घ्या. गोळ्या मनाने बंद करू नका.

उपकेंद्रातली_सिस्टर

ताई, तुम्ही कॉलेजात शिकवता ते आम्ही ओट्यावर बसून सांगतो. थोडं लिहिते.

अंतरा सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून आलं. आमच्याकडे बाई येते तेव्हा एकटी नसते, सासू नाहीतर जाऊ सोबत असते. बाईला मी दोन गोष्टी सांगितल्याशिवाय सुई हातात घेत नाही. पहिली, पहिले तीन ते सहा महिने अंगावर कधीही जाऊ शकतं, पंधरा दिवस थोडं थोडं, मग महिनाभर काहीच नाही, असंही होईल. दुसरी, नंतर पाळी बंद झाली तर घाबरायचं नाही. हे दोन्ही सासूच्या समोर सांगते, मुद्दाम. कारण घरी गेल्यावर प्रश्न तीच विचारणार असते. 'रक्त आत साठलं, आता डोळ्यांवर येईल, गाठ होईल' हे मी रोज ऐकते. मी त्यांना विचारते, पेरणीच झाली नाही तर काढणी कशाची करणार? शेतकऱ्याच्या घरच्या बाईला हे एका वाक्यात कळतं. अस्तर वाढलंच नाही तर साठणार काय!

जिला आधी सांगितलं ती दुसऱ्या डोसला येते. जिला नाही सांगितलं ती डाग दिसले की येतच नाही, आणि चार-सहा महिन्यांनी येते ती नको असलेला गर्भ घेऊन. हे बघून पोटात तुटतं हो. पाच मिनिटांचं बोलणं असतं.

अजून काही: इंजेक्शनची जागा चोळायची नाही, शेकायची नाही, औषध लवकर उतरतं. कार्डावर पुढची तारीख लिहून देतो. तारीख चुकली तरी चार आठवड्यांपर्यंत घेता येतं, म्हणून 'आता गेली वेळ' म्हणून घरी बसू नका. आणि लगेच मूल हवं असणाऱ्यांनी हे साधन घेऊ नये. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने जाऊ शकतात. मूल होतं, पण वेळ जातो. लग्नानंतर वर्षाभरात पाळणा हलायला हवा अशा घरातल्या सुनेला हे आधी सांगितलं नाही तर पुढे तिलाच बोल लागतात.

वासोटा

पुरुष सदस्याने लिहिलं तर चालेल ना? बायकोला दर पाळीत खूप रक्त जातं, हिमोग्लोबिन आठच्या आसपास आहे. डॉक्टरांनी हॉर्मोनची टी बसवायला सांगितली आहे. आईचं म्हणणं, 'तांबीनेच तर अंगावर जास्त जातं, ती कशाला बसवायची?' आणि बायकोला हॉर्मोन या गोष्टीचीच धास्ती. दोघींना काय सांगू?

लेबररूम

चालेल काय, पुरुषांनी लिहायलाच हवं.

स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून सांगते. तुमच्या आईंचं निरीक्षण बरोबर आहे, पण ते तांब्याच्या टीबद्दल आहे. तांबीत हॉर्मोन नसतं. तांब्यामुळे अस्तरात सौम्य दाह होतो, प्रोस्टाग्लँडिन नावाची कळा आणणारी रसायनं वाढतात, आणि पाळीचं रक्त, दुखणं दोन्ही वाढू शकतं. हॉर्मोनच्या टीचा आकार तसाच, काम उलट. त्या टीच्या दांड्यात ५२ मिलिग्रॅम लिव्होनॉरजेस्ट्रेल असतं आणि सुरुवातीला रोज साधारण २० मायक्रोग्रॅम थेट अस्तरावर झिरपतं. रक्तात फार थोडं जातं. अस्तर जागच्या जागी पातळ होतं आणि पाळीचं रक्त काही महिन्यांत खूपच कमी होतं. मात्र पहिले तीन ते सहा महिने डाग पडत राहतील, हे बायकोला आजच सांगा. नाहीतर दुसऱ्या महिन्यात 'काढून टाका' म्हणत येतील. अशा कितीतरी जणी येतात, आणि नेमकं फळ मिळायच्या वेळी साधन काढावं लागतं. बसवण्याआधी सोनोग्राफी आणि इतकं रक्त का जातं याचा तपास झालाय ना, ते विचारून घ्या. हिमोग्लोबिन आठ असेल तर लोहही आत्ताच सुरू व्हायला हवं, टीची वाट बघत थांबायचं नाही.

दुर्बिणीतून गर्भाशयाच्या आत पाहिलं की केतकीबन यांनी लिहिलेलं सगळं डोळ्यांना दिसतं. मधल्या दिवसांतलं नेहमीचं अस्तर गुलाबी, जाडसर, मखमली. प्रोजेस्टिनवर असलेल्या बाईचं फिकट, सपाट, इतकं पातळ की खालची वाहिन्यांची जाळी वरूनच दिसते. त्या जाळीवर इकडेतिकडे लाल टाचणीएवढे ठिपके. त्यातल्याच एखाद्या ठिपक्यातून रक्ताची बारीक रेघ येत असते. बाजूचं सगळं स्वच्छ. बाईला वाटत असतं की आत काहीतरी सडलंय, आणि आत असतं ते एवढंच.

हे लिहिताना बीड डोक्यातून जात नाही. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण बाहेर आलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. कित्येक जणी तिशी-पस्तिशीच्या. कामाचा खाडा झाला की मुकादमाकडून पैसे कापले जाणार, फडात संडास नाही, पाणी नाही, मग अंगावर जाणं म्हणजे संकटच. अंगावर जाण्याच्या तक्रारीला 'पिशवी काढून टाका' हे उत्तर देणाऱ्या प्रत्येकाने आधी हे सांगायला हवं होतं की अस्तर औषधाने शांत करता येतं. प्रत्येकीला ते लागू पडलं असतं असं नाही म्हणत. पण विचारलं तरी गेलं असतं.

जुनी_वाचक

सगळं वाचलं. माहिती उत्तम आहे, तरी एक सूर मला खटकतो. 'निरुपद्रवी आहे, घाबरू नका' हे वाक्य आम्ही ऐंशीच्या दशकातही ऐकत होतो.

तेव्हा नेट-एन या दोन महिन्यांच्या इंजेक्शनच्या चाचण्या चालू होत्या. १९८५ मध्ये हैदराबादजवळच्या पटनचेरूला बायकांना शिबिरात बोलावलं गेलं, आणि आपल्यावर प्रयोग होतोय हे त्यांना नीट सांगितलेलंच नव्हतं. हैदराबादची स्त्री शक्ती संघटना, दिल्लीची सहेली आणि इतरांनी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. दंडात सहा कांड्या बसवायच्या नॉरप्लांटविरुद्धही बायका रस्त्यावर आल्या होत्या. आमचं म्हणणं हॉर्मोन विषारी आहे असं नव्हतं. म्हणणं हे होतं की जी बाई रोज अंगावर जातंय म्हणून सांगतेय तिला 'किरकोळ तक्रार' म्हणून वाटेला लावता येणार नाही. ज्या घरात त्या दिवसांत देवघरात जायचं नाही, स्वयंपाकाला हात लावायचा नाही, तिथे वीस दिवसांचे डाग म्हणजे वीस दिवसांचं बाजूला बसणं. शेजेवरचे प्रश्न वेगळेच. धुवायच्या कपड्यांना पाणी कुठून आणायचं, वाळवायचे कुठे, हेही त्यातच आलं. डॉक्टरांच्या कागदावर एक ओळ असते, 'स्पॉटिंग'. तिच्या घरात तो महिना असतो.

केतकीबन

@जुनी_वाचक, तुम्ही लिहिलंत ते धाग्यातलं सगळ्यात मोलाचं आहे. मी 'अपाय नाही' म्हणते ते शरीरापुरतं. बहुतेकींचं महिन्याचं एकूण रक्त साधनामुळे कमीच जातं, त्याने पांडुरोग होत नाही, गर्भाशय खराब होत नाही. पण त्रास होत नाही असं मी म्हणणार नाही, आणि 'थोडं सोसा' हे उत्तर असू शकत नाही. सोसायचं की साधन बदलायचं हे त्या बाईने ठरवायचं. इंजेक्शनात तर हे आणखी गंभीर, कारण एकदा दिलं की तीन महिने काढून घेता येत नाही. कांडी आणि टी निदान काढता येतात. म्हणूनच सांगण्याची जबाबदारी इंजेक्शन देणाऱ्यावर सगळ्यात जास्त.

आणि त्रासावर उपचार आहेत, हेही क्वचितच सांगितलं जातं. कांडीवर किंवा इंजेक्शनवर खूप दिवस अंगावर जात असेल तर पाच-सात दिवस मेफेनॅमिक ॲसिडसारखी दाह कमी करणारी गोळी, कधी रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्सॅमिक ॲसिड, कधी थोडे दिवस मिश्र गोळी देऊन अस्तराला इस्ट्रोजेनचा टेकू देतात. कायमचा तोडगा नाही, उपचार थांबला की पुन्हा सुरू होऊ शकतं. पण लग्नकार्य, प्रवास, परीक्षा निभावून नेता येते. कुणाला काय चालेल ते डॉक्टर ठरवतील. आम्लपित्त, दमा, रक्ताच्या गुठळीचा इतिहास, अर्धशिशी, हे सगळं विचारूनच.

अंबाडीची_भाजी

इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन वरून विचारते. दर वर्षी गौरी-गणपतीला आमच्याकडे सगळ्या जावा पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतात, दुकानातून थेट आणून. मागच्या वर्षी एका जावेला गोळ्या चालू असतानाच अंगावर गेलं आणि 'ओवसा बाटला' म्हणून केवढं रामायण झालं. त्या गोळ्या म्हणजे याच का?

लेबररूम

त्या नॉरएथिस्टेरॉनच्या, म्हणजे प्रोजेस्टिनच. पाळीच्या तारखेच्या साधारण तीन दिवस आधीपासून दिवसातून तीनदा घ्यायच्या असतात. चढलेल्या अस्तराला त्या धरून ठेवतात, थांबवल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येते. गौराई दारात आल्यावर सुरू केल्या तर उपयोग नाही, तोवर अस्तर सुटायला लागलेलं असतं. तुमच्या जावेचं तेच झालं असावं, नाहीतर मधला डोस चुकला असेल. आणि एक लक्षात ठेवा, अशा घेतलेल्या या गोळ्यांनी गर्भ राहायचा थांबत नाही.

पायात गुठळी झालेली, यकृताचा आजार, स्तनाचा कर्करोग, यात या गोळ्या देत नाहीत. दुकानदार हे विचारत नाही. चार जावांना एकच पट्टी वाटून घेणं तर अजिबात नको. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्या बायकांशी बोलता आलं तर बोला. गौरीपुढे बसायला एका बाईने औषध घ्यावं लागणं मला स्वतःला फार दुःखाचं वाटतं.

लेस्टरकर_वैनी

इकडे इंग्लंडमध्ये डेसोजेस्ट्रेलची, म्हणजे फक्त प्रोजेस्टिनची गोळी २०२१ पासून औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. फार्मासिस्ट आधी एका खोलीत बसवून प्रश्न विचारते. मला पहिलंच वाक्य ऐकवलं ते 'तुमचं ब्लीडिंग कसं होईल हे आधी सांगता येत नाही' असं. या गोळ्यांत सुट्टीचा आठवडा नसतो, रोज घ्यायची. माझे सुरुवातीचे महिने अवघड गेले, मग थांबलं.

मिश्र गोळीबद्दलही इथल्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय की सात दिवसांच्या सुट्टीचा आरोग्याला काही फायदा नाही. सलग घेता येते. सलग घेतल्यावर मधे डाग पडले तर तीन-चार दिवस थांबून परत सुरू करतात. हे केतकीबन किंवा डॉक्टर जास्त नीट सांगतील.

केतकीबन

बरोबर आहे. फक्त दोन अटी जोडते. आधी सलग तीन आठवडे तरी गोळी झालेली हवी, आणि सुट्टी सात दिवसांपुढे कधीही जाता कामा नये. आपल्याकडे हे डॉक्टरांशी बोलूनच करा. पस्तिशीपुढच्या धूम्रपान करणाऱ्या, डोळ्यांपुढे झगमग येऊन अर्धशिशी उठणाऱ्या, उच्च रक्तदाबाच्या आणि सहा महिन्यांच्या आतलं बाळ अंगावर पाजणाऱ्या बायकांना मिश्र गोळी मुळातच देत नाहीत.

सुपर्णा_सातारा

दोन वर्षं गोळ्या घेतल्या, आता बंद करून मूल हवंय. सोनोग्राफीत 'एन्डोमेट्रियम ३ मिमी' आलंय. नणंद म्हणते गोळ्यांनी पिशवी वाळवली. झोप उडाली आहे.

लेबररूम

सोनोग्राफी कुठल्या दिवशी केली ते सांगा. पाळी नुकतीच संपल्यावर २ ते ४ मिमी हे कुठल्याही निरोगी बाईचं असतं, पाळीच्या आधी तेच ७ ते १६ मिमीपर्यंत जातं. गोळ्या बंद करून पहिलाच महिना असेल तर अजून पातळ दिसू शकतं. तळाचा थर शाबूत असतो, त्यातून अस्तर परत उगवतं, बहुतेकींचं एक-दोन चक्रांत. पिशवी वाळत नाही. उलट मिश्र गोळी घेतलेल्या बायकांमध्ये अस्तराच्या कर्करोगाचा धोका कमी होतो आणि तो फायदा गोळी सोडल्यावरही वर्षानुवर्षं टिकतो. नणंदेला हे जरूर सांगा. फॉलिक ॲसिड सुरू करा आणि झोपा निवांत.

सुपर्णा_सातारा

पाळीच्या पाचव्या दिवशी केली होती! डॉक्टर, तुमचे पाय धरावेसे वाटतात.

अंबाडीची_भाजी

छाया गोळी पण हॉर्मोनचीच का? आमच्या आशाताई देतात.

उपकेंद्रातली_सिस्टर

नाही. ती सेंटक्रोमन, लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेत तयार झालेली. 'सहेली' नावाने १९९१ पासून बाजारात आहे. त्यात इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन काहीच नाही, पण ती अस्तरावर इस्ट्रोजेनचं चालू देत नाही, त्यामुळे गर्भ रुजत नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी. मग आठवड्यातून एकदा. डाग फारसे पडत नाहीत, पण पाळी लांबते आणि कमी जाते. पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर तपासून घ्यायचं.

लेबररूम

या धाग्यामुळे कुणी खऱ्या आजाराचं रक्त 'साधनाचं असेल' म्हणून अंगावर काढू नये, म्हणून थोडं. तासाला एक पॅड भिजत असेल तर त्याच दिवशी या. संबंधानंतर दरवेळी रक्त दिसतं तेव्हा गर्भाशयाचं तोंड बघायलाच हवं, तिथे संसर्ग किंवा कर्करोग असू शकतो आणि त्याचा अस्तराशी काही संबंध नाही. ताप, घाण वास, एका बाजूला ओटीपोटात कळ, चक्कर, हे असेल तर थांबू नका, नळीतला गर्भ जिवावर बेततो. चाळिशीनंतर नव्याने अनियमित झालं किंवा पाळी कायमची गेल्यावर परत दिसलं तर सोनोग्राफी आणि लागलं तर अस्तराचा तुकडा तपासणं आवश्यक. आणि आय-पिलसारखी आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी घेतल्यावर पाळी आठवडाभर मागेपुढे होते, मधे डागही पडतात. त्याहून जास्त लांबली तर गर्भचाचणी.

मृद्गंध२

परत आले. केतकीबन, तुम्ही विचारलं तसं आठवत बसले आणि पर्समधल्या पट्ट्या काढून नावं वाचली. गालात वीज चमकल्यासारखी कळ यायची म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत, कार्बामाझेपिन. चेहऱ्याच्या नसेचं दुखणं म्हणाले. ते सुरू झालं आणि त्यानंतरच्या पाकिटापासून हे डाग. त्यांनी गर्भनिरोधक चालू आहे का असं विचारलं नव्हतं, आणि गालाच्या दुखण्याच्या गोळीचा याच्याशी काही संबंध असेल असं कुणाच्या डोक्यात येणार? याच का त्या?

केतकीबन

याच. फिट्सवर देतात तीच गोळी, नसेच्या दुखण्यावरही चालते. यकृतातली एन्झाइम्स वाढवते, गोळीतलं हॉर्मोन वेळेआधी संपतं. आता फक्त डागांचा प्रश्न नाही, गर्भ राहू शकतो. कार्बामाझेपिन एकदम बंद करू नका, कळा परत येतील. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा. या औषधाबरोबर तांबी, हॉर्मोनची टी किंवा अंतरा चालतं. मिश्र गोळी, डेसोजेस्ट्रेल आणि कांडी यांच्यावर विसंबता येत नाही. कार्बामाझेपिन थांबवलं तरी पुढचे चार आठवडे तिचा परिणाम राहतो. तोवर निरोध, न चुकता.

उपकेंद्रातली_सिस्टर

आणि ताई, चाचणी उद्या सकाळच्या पहिल्या लघवीची करा. जवळच्या उपकेंद्रात 'निश्चय' किट मोफत मिळतं, आशाताईकडेही असतं. चाचणी निगेटिव्ह आली तरी दोन-तीन आठवड्यांनी परत एकदा करा.